चेहरा काढताना आधी मापं की आधी नजर?

कोरी पाटी: नव्याने चेहरे काढणाऱ्याला हल्ली सर्रास सल्ला मिळतो, "मापंबिपं सोड, दिसतं तसं काढ." मला हे साफ चूक वाटतं. नवख्याला दिसत नसतं, तो मनातला चेहरा काढत असतो. चेहऱ्यात जे काही घडतं ते भुवयांच्या खालीच, म्हणून वरचा भाग आखडतो आणि डोळे कपाळात जातात. टाळू ते हनुवटी या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे असतात, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. बाजूने चेहरा काढताना तर डोक्याची मागची बाजू हमखास छाटली जाते. खरं तर कपाळापासून मागपर्यंतची खोली जवळजवळ डोक्याच्या उंचीएवढी असते. कान मधल्या उभ्या रेषेच्या मागे, भुवई आणि नाकाचा तळ यांच्या दरम्यान. आधी हे घोका, कलाकारी नंतर.

तिरकी रेघ: असहमत. घोकलेल्या मापांनी काढलेले सगळे चेहरे सख्खे भाऊ दिसतात. लहान बाळाचे डोळे मध्याच्या खाली असतात, तिथे मोठ्यांचं माप लावलं की बाळ म्हातारं झालंच म्हणून समजा. आणि जर्मन चित्रकार ड्यूररसारख्या मापवेड्या माणसाच्या, माणसाच्या देहाच्या प्रमाणांवरच्या १५२८च्या ग्रंथातही एकच आदर्श देह नाही. जाडे, सडपातळ असे कितीतरी नमुने आहेत.

कोरी पाटी: म्हणजे ड्यूररनेही मोजलंच की!

खोडरबर: माझं मत तिरक्या रेघेला. बाजूच्या चेहऱ्यातला डोळा घ्या. समोरून बदामी दिसणारा डोळा बाजूने पाचरीसारखा होतो, टोक कानाकडे. वरची पापणी खालचीपेक्षा पुढे आलेली असते, त्यामुळे डोळ्याची पुढची कड तिरपी उतरते. तरी दहातले नऊ जण तिथे अख्खा बदाम चिकटवतात. मापं बिनचूक, चित्र मात्र फसलेलं. मानेचंही तेच: ती पुढे झुकलेली असते, लोक खांबासारखी उभी करतात.

कोरी पाटी: डोळ्याचं मान्य. पण तो नाकाच्या मुळापासून किती आत बसवायचा, ते पेन्सिल धरून मोजणारच ना?

तिरकी रेघ: मोजणार. पण समोर बसलेल्याचं, पाठ केलेलं नाही.

खोडरबर: आणि हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून. कोपर वाकलं की माप गेलं.