फणसावरचं कठीण अळंबं फणसांबाच का? ओळखायचं कसं?

कुळागर_सत्तरी
वाळपईजवळ आमचं कुळागर (माड-पोफळीची बाग) आहे. जुन्या फणसाच्या खोडावर पंजाएवढं, लाकडासारखं कठीण अळंबं आलंय. वरून काळपट, भेगाळलेलं. सासूबाई म्हणतात हाच फणसांबा, म्हणजे फणसावरचं औषधी अळंबं, उगाळून बाळाच्या तोंडात लावूया. आणि एका माडाच्या बुंध्याशी लालसर, चकचकीत असं काही उगवलंय. दोन्ही एकच का? कुठलं अ‍ॅप वापरू?

रानवाट
एक नव्हेत. वर्णनावरून फणसावरचं फेलिनस वाटतं, माडावरचं गॅनोडर्मा; लाकडावर वाढणाऱ्या बुरशींचे हे दोन वेगळे वंश. पण वरच्या रंगावर विसंबू नका, ऊनपावसात तो बदलतो. खालची बाजू बघा. ताज्या गॅनोडर्माची खालची बाजू पांढरट असते, बारीक छिद्रांची, आणि नखाने ओरखडलं की तिथे तपकिरी होते. त्याची तपकिरी भुकटी आजूबाजूच्या पानांवरही साचते. फेलिनस आतून गंजाच्या रंगाचं असतं. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकला की काळं पडतं.

आयनॅचरलिस्ट या जीव ओळखण्याच्या अ‍ॅपवर वरून, खालून, कापून आणि अख्खं झाड दिसेल असे फोटो टाका. झाड कुठलं ते लिहाच. अ‍ॅपने जातीचं नाव दिलं तरी वंशापर्यंतच, म्हणजे फेलिनस की गॅनोडर्मा एवढंच, धरा. फेलिनसच्या जाती सूक्ष्मदर्शकाशिवाय सुटत नाहीत.

बाळाचं मात्र थांबवा. तोंड येणं, लाळ गळणं यावर फणसांबा पूर्वापार वापरतात, पण फणसावर उगवलेलं प्रत्येक अळंबं फणसांबा नसतं. आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

माडाची_राखण
मला माडाची जास्त काळजी वाटते. बुंध्याजवळून तांबूस चीक गळतोय का? खालची चुडतं सुकून लोंबतायत का?

कुळागर_सत्तरी
चीक गळतोय. चुडतंही लोंबतायत.

माडाची_राखण
मग मुळं आणि बुंधा कुजवणारा रोग असणार. अळंबं उपटून जाळा, पण बुरशी आत असते, तेवढ्याने ती जात नाही. मुळांवाटे शेजारच्या माडांना लागते, म्हणून त्या माडाभोवती चर खणा आणि त्याच्या आळ्यातलं पाणी दुसरीकडे वाहू देऊ नका. बाकीच्या माडांना दरवर्षी 5 किलो निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) मिसळून घाला. जुन्या गोव्यात आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे दाखवून घ्या. नमुना कागदी पिशवीत न्या. प्लास्टिकमध्ये दमट होऊन वेगळीच बुरशी चढते.