मदत हवी आहे: यूकेत उत्पन्न १ लाख पौंडांवर गेलं, टॅक्स कायदेशीरपणे कमी कसा करू?

रेडिंगचा_राजा
मंडळी, घाईत लिहितोय. वय ३१, रेडिंगला आयटीत आहे. यंदा बोनस धरून १ लाख ४ हजार झाले. मार्चची पे-स्लिप बघून डोळे पांढरे झाले, बोनसचे निम्म्याहून जास्त कापलेत. आयसा (इथलं करमुक्त बचत खातं) पूर्ण २० हजार भरलाय, तरी टॅक्स तेवढाच! ५ एप्रिल २०२६ ला टॅक्सचं वर्ष संपतंय. सरळ उपाय सांगा. 'अकाउंटंटला विचारा' नको.

थेम्सकाठी
आयसातल्या वाढीवर टॅक्स लागत नाही, पण त्यात भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होत नाही. तो मुद्दा बाजूला ठेवा. १ लाखाच्या वर दर २ पौंडांमागे १ पौंड या हिशोबाने १२,५७० चा पर्सनल अलाउन्स (करमुक्त उत्पन्नाची मर्यादा) कमी होत जातो, १,२५,१४० ला शून्य. त्यामुळे या पट्ट्यात म्हणायला ४० टक्के, भरायला ६०. वर नॅशनल इन्शुरन्सचे २.
हे १ लाख ४ हजार ऑफर लेटरवरचे की पे-स्लिपवरचा टॅक्सेबल पे? पेन्शन सॅलरी सॅक्रिफाइसने, म्हणजे टॅक्सच्या आधीच पगारातून कमी होऊन, जातं का?

पर्वतीकर
८०सी पूर्ण भरलंय का? पीपीएफमध्ये दीड लाख टाका. नवी रिजीम घेतली असेल तर जुनीवर या.

थेम्सकाठी
पर्वतीकर, अहो ते रेडिंगला आहेत.

बॅटरीवाला
इलेक्ट्रिक गाडी घ्या हो! सॅलरी सॅक्रिफाइसवर. हप्ता टॅक्सच्या आधी कापला जातो, बेनिफिट इन काइंड, म्हणजे गाडीच्या सोयीपोटी धरलं जाणारं करपात्र उत्पन्न, २०२५-२६ मध्ये गाडीच्या लिस्ट प्राइसच्या फक्त ३ टक्के, एप्रिल २०२६ पासून ४. मी दुसरी घेतली.

काकू_फ्रॉम_हॅरो
गाडी घेऊन टॅक्स वाचवणं म्हणजे खर्च करून बचत करणं. ज्याला गाडी लागतच नाही त्याने का घ्यावी?

बॅटरीवाला
काकू, तुम्ही चालवून बघा एकदा, मग बोला.

रेडिंगचा_राजा
गाडी नकोय, स्टेशन घराशेजारी आहे. आकडा टॅक्सेबल पेचाच, पेन्शन सॅक्रिफाइस आधीच वजा झालंय. अजून पेन्शन नको, पैसे ५७ व्या वर्षापर्यंत अडकतात. पन्नाशीत पुण्याला परत जायचा विचार आहे.

थेम्सकाठी
बरोबर, २०२८ पासून ५७. पण हिशोब बघा. स्वतःच्या पेन्शन खात्यात ४,००० भरलेत की पेन्शन कंपनी सरकारकडून १,००० आणून ५,००० करते. ते पूर्ण ५,००० जर ६० टक्क्यांच्या पट्ट्यातून निघाले, तर टॅक्स रिटर्नमध्ये आणखी २,००० मिळतात. तुमच्या खिशातून गेले २,०००, पेन्शनमध्ये ५,०००. आयसा एका वर्षात हे देईल?
बोनस हातात पडलाय, त्यामुळे यंदा त्याचं सॅक्रिफाइस होणार नाही. ते बोनस मिळण्याआधीच कंपनीशी ठरवावं लागतं.

लंडनचा_लेले
मॅरेज अलाउन्स (जोडीदाराच्या करमुक्त मर्यादेचा थोडा भाग आपल्याकडे घेणं) कुणी सांगितला नाही? २५२ पौंड फुकट. लग्न झालंय का?

थेम्सकाठी
लेले, घेणारा २० टक्क्यांच्या दरात असावा लागतो. यांना नाही लागू.

रेडिंगचा_राजा
हो झालंय. बायको पार्ट टाइम करते, मुलगी नर्सरीत असते तेवढे तास.

काकू_फ्रॉम_हॅरो
थांबा! मुलगी किती वर्षांची? सरकारी मोफत चाइल्डकेअरचे ३० तास घेता का?

रेडिंगचा_राजा
पावणेदोन. हो, ३० तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर दोन्ही. त्याचा इथे काय संबंध?

काकू_फ्रॉम_हॅरो
अरे बाळा, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस. दोघांपैकी एकाचंही अ‍ॅडजस्टेड नेट इन्कम (एकूण उत्पन्नातून पेन्शन वगैरे वजा करून उरलेला आकडा) वर्षाला १ लाखाच्या वर गेलं, अगदी एका पौंडाने, की दोन्ही बंद. यात टप्पे नाहीत. टॅक्स-फ्री चाइल्डकेअरमध्येच सरकार मुलामागे वर्षाला २,००० पर्यंत घालतं, ३० तासांची किंमत तर त्याहून कितीतरी जास्त. दर तीन महिन्यांनी पात्र असल्याचं कन्फर्म करता ना, त्यात हेच विचारलेलं असतं. पेन्शन किंवा गिफ्ट एडची (टॅक्स सवलतीची) देणगी, दोन्हींनी हा आकडा खाली येतो. इन्कममध्ये पगाराशिवाय काय आहे? भारतात एफडी?

रेडिंगचा_राजा
एनआरई (अनिवासी भारतीयांची) एफडी आहे, व्याज साधारण दीड हजार पौंड. पण ते करमुक्त असतं.

पर्वतीकर
एनआरई करमुक्तच. इथे माझा अनुभव आहे. तिकडे सांगायची गरज नाही.

काकू_फ्रॉम_हॅरो
भारतात करमुक्त. यूकेचा रहिवासी असाल तर इथे करपात्र, पीपीएफचं व्याजसुद्धा. आणि दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना पाठवतात. धाग्यात 'कायदेशीर' असं लिहिलंय, पर्वतीकर.

लंडनचा_लेले
पण नव्याने आलेल्यांना ४ वर्षं परदेशी उत्पन्न माफ आहे ना?

थेम्सकाठी
एप्रिल २०२५ पासून आहे, पण त्याआधी सलग १० वर्षं यूकेबाहेर असायला हवं, आणि तो दावा केला की त्या वर्षी पर्सनल अलाउन्स जातो. राजे, कधी आलात?

रेडिंगचा_राजा
२०१६, मास्टर्सला. पासपोर्टही इथलाच झालाय. मग नाहीच बसत. म्हणजे एकूण १,०५,५०० धरायचे?

थेम्सकाठी
हो. इथल्या बचत खात्याचं व्याजही त्यात धरा, करमुक्त मर्यादेत असलं तरी. ५,५०० खाली आणायचे तर पेन्शनमध्ये ४,४०० भरा. मी ४,८०० भरेन, म्हणजे ६,००० होतील आणि थोडी जागा राहील. सेल्फ असेसमेंट (स्वतःचा टॅक्स रिटर्न) भरा, २० टक्क्यांच्या वरची सवलत आपोआप मिळणार नाही. यंदा ३ एप्रिलला गुड फ्रायडे, ५ ला ईस्टर. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, २ तारखेच्या आत पैसे पोचलेले दिसले पाहिजेत.

काकू_फ्रॉम_हॅरो
आणि पुढच्या वर्षी एफडी मोडली की बायकोच्या नावावर कर. तिचा दर कमी.

बॅटरीवाला
पुढच्या वर्षी गाडीही बघा. चार्जर घरी बसवता येतो.

रेडिंगचा_राजा
बायकोला दाखवलं, ती म्हणते नर्सरीचा मुद्दा आधी का नाही सांगितलास. आज रात्री पेन्शन खातं उघडतो.

एडिनबराची_ईशा
मी स्कॉटलंडमध्ये, ७८ हजार. मला यातलं काय लागू?

थेम्सकाठी
तुमच्याकडे ७५ हजारांवर ४५ टक्के आहे, गणित वेगळं. नवा धागा काढा, आणि मुलं, एफडी सगळं आधीच लिहा.