परवाना नसताना गाडी चालवणे: धोका दंडापुरताच असतो का?

प्रश्न: धाकट्या भावाला गाडी उत्तम चालवता येते, परंतु त्याने अद्याप परवाना काढलेला नाही. "पकडले तर दंड भरू," असे तो म्हणतो. प्रकरण खरोखर तेवढ्यावरच मिटते का?

उत्तर १: दंड ही यातली सर्वांत किरकोळ बाब आहे. अपघात झाला की विमा कंपनी चालकाचा परवाना मागते. तो नसल्यास गाडीच्या नुकसानीचा दावा बहुधा फेटाळला जातो आणि जखमी व्यक्तीला द्यावी लागणारी भरपाई चालकाच्या किंवा मालकाच्या खिशातून वसूल होऊ शकते.

उत्तर २: गाडी कोणाच्या नावावर आहे? परवाना नसलेल्याच्या हाती जाणूनबुजून किल्ली देणारा मालकही अनेक देशांत दोषी ठरतो.

उत्तर ३: 'उत्तम' कोणी ठरवले? (बहुधा त्यानेच.) ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते, म्हणजे धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत ती जवळपास तेवढी पुढे गेलेली असते. हे भान रिकाम्या रस्त्यावर येत नाही. त्याला आधी शिकाऊ परवाना काढायला सांगा आणि त्यानंतरही पक्का परवाना मिळेपर्यंत अनुभवी परवानाधारक शेजारी असल्याशिवाय गाडी देऊ नका.