खाडीतली ७ मिमीची शिंपली: नवी प्रजाती म्हणण्याआधी काय काय तपासायचं? (चर्चेतले संदेश; प्रत्येकाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खाजणकाठ

कोकणातल्या एका खाडीच्या वरच्या टप्प्यात, कांदळवनाच्या कडेच्या मऊ चिखलात छोट्या शिंपल्या मिळाल्या आहेत. एकूण ४३ नग, लांबी ३.८ ते ८.९ मिमी. कवच पातळ, मळकट पांढरं, वर तपकिरी साल, आणि मागची बाजू थोडी लांबट. डाव्या झडपेत शेंड्याखाली चमच्यासारखा पुढे आलेला भाग आहे आणि उजवीत त्याच जागी खड्डा. तिसऱ्यांसारखे दात दिसत नाहीत. पाण्याची क्षारता पावसाळ्यानंतर ४, मे महिन्यात २२. नमुने सगळे ७० टक्के अल्कोहोलमध्ये आहेत.

एक मत असं पडलं की ही कुठल्यातरी मोठ्या शिंपल्याची पिल्लं आहेत. दुसरं मत, थेट डीएनए करा आणि जुळला नाही तर नवी प्रजाती जाहीर करा. सीओआय या ओळख पटवणाऱ्या जनुकाचे दोन प्रयत्न फसले, जेलवर पट्टीच नाही, म्हणजे डीएनएचा तुकडा वाढलाच नाही. सुरुवात कुठून करावी? होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा मूळ नमुना, कसा निवडतात आणि तो ठेवायचा कुठे?

बिजागरी

सुरुवात बिजागरीपासून, म्हणजे दोन झडपा जिथे जोडल्या जातात त्या कडेपासून. डीएनए नंतर.

त्या चमच्याला कॉन्ड्रोफोर म्हणतात. आतलं लिगामेंट, म्हणजे झडपा जोडणारा लवचिक बंध, त्यावर बसतं. डावीकडे चमचा आणि उजवीकडे खड्डा म्हटलं की मायिडी आणि कॉर्ब्युलिडी ही दोन कुळं समोर येतात. दोन्ही झडपा बंद ठेवून कडेने बघा. कॉर्ब्युलिडीत उजवी झडप मोठी असते आणि डावी तिच्यात डबीच्या झाकणासारखी बसते. उजव्या झडपेत चमच्याच्या खड्ड्यापुढे एक ठळक, शंकूसारखा दातही असतो. तुमच्याकडे दात खरोखरच नसेल तर मायिडी. पण ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे. ७ मिमीच्या शिंपलीत दात सालीखाली किंवा लिगामेंटच्या उरलेल्या धाग्यांखाली लपतो. झडप साफ करून ४० पट मोठी करून पाहिल्याशिवाय नाही म्हणू नका.

झडपा कशा वेगळ्या केल्यात? नखाने किंवा चिमट्याने उचकटल्या असतील तर चमचा तुटलेला असण्याची शक्यता बरीच आहे, कारण लिगामेंट तो उजव्या झडपेला चिकटवून धरतं. खालच्या कडेतून बारीक कीटक-पिन किंवा ब्लेडचा तुकडा आत सरकवा, झडपेच्या आतल्या अंगाला लागून पुढचा आणि मागचा असे दोन्ही स्नायू कापा, मग झडपा पाण्यातच आपोआप सैल होऊ द्या. जोर लावायचा नाही.

डावं-उजवं कसं ठरवलंत तेही तपासा. शेंडा वर आणि पुढची बाजू तुमच्यापासून लांब धरली की डाव्या हाताला येते ती डावी झडप. पुढची बाजू कोणती हे लांबीवरून ठरवू नका, आतल्या खुणेवरून ठरवा. प्रावाराची (कवचाला आतून लागलेल्या मांसल पडद्याची) रेषा जिथे आत वळते ती खोबण पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्यांची, म्हणजे मागची बाजू. इथे चूक झाली तर पुढचं सगळं वर्णन आरशातलं होतं, आणि अशी वर्णनं छापूनही आलेली आहेत.

एक झटपट चाळणीही लावा. शेंड्याच्या आत आडवा पडदा असेल तर ते मायटिलॉप्सिस, बंदरांमध्ये पसरलेलं बाहेरचं शिंपलं. त्यात पुढे वेळ घालवू नका.

चिखल्या

बिजागरीच्या मुद्द्याला जोडून. पिल्लांचा आक्षेप तोंडाने खोडता येत नाही, जननग्रंथी दाखवावी लागते. ५ मिमी, ६ मिमी, ७ मिमी अशा नगांतून पोटाच्या वरच्या भागातला कणभर ऊतक घ्या, ग्लिसरीनच्या थेंबात काचपट्टीवर दाबा आणि ४० पटीच्या भिंगाखाली बघा. बीजकं (अंडी किंवा शुक्राणू) दिसली तर प्राणी प्रौढ आहे. सगळ्यात लहान प्रौढ नगाची लांबी वर्णनात लिहा, तो एक आकडा अर्धे आक्षेप संपवतो. नमुने एकाच महिन्यातले असतील आणि ग्रंथी रिकामी असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दुसऱ्या हंगामात पुन्हा गोळा करावं लागेल.

मोजमापं सगळ्या ४३ नगांची घ्या: लांबी, उंची, आणि दोन्ही झडपांची मिळून जाडी. त्यांचा आलेख काढा. लहान नग गोलसर आणि मोठे लांबट अशी एकच सलग रेघ आली तर ती वाढ आहे. दोन वेगळे ढग आले तर दोन गोष्टी एकाच बाटलीत आहेत. आकारावर मात्र फार भिस्त ठेवू नका. मायिडीतली स्फेनियासारखी शिंपली फटीत, कालवांच्या गुच्छात वाढते आणि फटीचाच आकार घेते. चिखलातला सरळ नग आणि कालवांतला वेडावाकडा नग एकाच प्रजातीचे असू शकतात. म्हणून आजूबाजूचे कालवांचे गुच्छही फोडून बघा.

आता साठवण, कारण पुढच्या फेरीत हेच चुकणार. ०.५ मिमीच्या चाळणीवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, चाळणी बादलीत हलवा. नळ्या आणि पाय बाहेर आलेले नग हवेत, त्यासाठी प्राणी आधी गुंगवायचा. पुस्तकी पद्धत म्हणजे लिटरभर ऊर्ध्वपातित पाण्यात ७३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट. पण ते द्रावण समुद्राच्या पाण्याच्या तोलाचं आहे. क्षारता १२ च्या खाडीतली शिंपली त्यात टाकली की झटका बसून घट्ट मिटते. अशा पाण्यासाठी साधारण २५ ग्रॅम घ्या. दोन-तीन तास लागतील. केसाने नळी हलवून बघा, आत ओढली नाही म्हणजे तयार.

त्यानंतर दोन वाटण्या. डीएनएसाठी ९६ टक्के इथेनॉल, प्राण्याच्या दहापट, २४ तासांनी बदलायचं. मिटलेल्या शिंपलीत इथेनॉल शिरत नाही आणि आतला जीव सडतो. तुमची पट्टी न येण्याचं एक कारण बहुधा हेच. शरीररचनेसाठी १० टक्के फॉर्मॅलिन, पण बोरॅक्स घातलेलं. नुसतं फॉर्मॅलिन आम्ल होत जातं आणि असली पातळ कवचं काही आठवड्यांत खडूसारखी करून टाकतं. दोन दिवसांनी धुऊन ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये हलवा.

जेलवरची_पट्टी

डीएनए नंतर, हे मला तितकंसं पटत नाही. दोन्ही कामं बरोबर चालू द्या, फक्त निष्कर्ष बिजागरी पाहूनच काढा.

पट्टी न येण्याचं दुसरं कारण शिंपल्यांचा चिकट स्राव. तो डीएनएबरोबर येतो आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, अडवतो. सीटॅब या रसायनाच्या पद्धतीने डीएनए काढा, एकास दहा पातळ करा आणि मिश्रणात थोडं बीएसए (अडथळा शोषणारं प्रथिन) घाला. एलसीओ१४९० आणि एचसीओ२१९८ या प्रायमरांनी (सीओआयचा तुकडा पकडणाऱ्या छोट्या डीएनए-साखळ्यांनी) ६५८ बेसचा तुकडा यायला हवा; प्रायमर चिकटण्याचं तापमान ४५ ते ४८ अंशांवर आणून बघा. द्विपुट (दोन झडपांच्या) प्राण्यांत हे प्रायमर बरेचदा दगा देतात, त्यामुळे १६एस आणि २८एस ही दुसरी जनुकं हाताशी ठेवा.

ऊतक पायातलं किंवा मिटवणाऱ्या स्नायूतलं घ्या. जननग्रंथी अजिबात नको. काही द्विपुट कुळांत नराच्या ग्रंथीत बापाकडून आलेलं वेगळंच मायटोकॉन्ड्रियल डीएनए असतं, आणि एकाच प्रजातीचे नर-मादी दोन प्रजातींसारखे दिसतात. पोटाचा भाग घेतला तर शिंपलीने खाल्लेल्याचंच डीएनए वाचलं जातं.

‘जुळला नाही’ याचा अर्थ काय तेही नीट घ्या. जेनबँक या डीएनए-नोंदींच्या साठ्यात भारतीय खाड्यांतल्या छोट्या शिंपल्यांची नोंद इतकी तुटपुंजी आहे की ८५ टक्के साम्य आलं तरी त्यातून एवढंच कळतं की जवळचं काही तिथे भरलेलं नाही. ९९ टक्के आलं तरी त्या नोंदीमागचा नमुना कुणी नीट ओळखला होता का, ते बघा.

जुनी_नावं

वरचं सगळं बरोबर, पण सगळ्यात मोठा खड्डा जुन्या नावांचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिल्का, एन्नोर, पोर्ट कॅनिंग अशा निमखाऱ्या जागांतून बरीच छोटी शिंपली वर्णिली गेली. वर्णन चार ओळींचं, चित्र एखादं, आणि पुढे शंभर वर्षं कुणी हात लावला नाही. तुमची ‘नवी’ शिंपली त्यांपैकीच एखादी असू शकते. नियम सरळ आहे: आधीचं वैध नाव टिकतं, वर्णन कितीही त्रोटक असो.

मोलस्काबेस या मृदुकाय प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन यादीवर त्या कुळातल्या हिंद महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागरातल्या सगळ्या प्रजातींची यादी काढा. ‘शंकास्पद’ म्हणून बाजूला टाकलेली नावंही धरा, बहुतेक गोंधळ तिथेच असतो. मूळ वर्णनं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट मिळतात, इंडियन म्युझियमची जुनी नियतकालिकंसुद्धा. मग टाइप नमुने, म्हणजे मूळ वर्णनं ज्यांवरून झाली ते नग. कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम या दोन ठिकाणी बहुतेक सापडतात. नमुना मागू नका, दोन्ही झडपांच्या बिजागरीचे फोटो मागा आणि कुठला कोन हवा तो रेखाटून कळवा. नुसतं ‘फोटो पाठवा’ लिहिलं की बाहेरच्या बाजूचा सुंदर, निरुपयोगी फोटो येतो.

तुलनेसाठी कोचीच्या बॅकवॉटरमधून २०१८ मध्ये वर्णिलेली इंडोस्फेनिया कायलम आधी बघा. तीही मायिडीतलीच. मल्याळममध्ये कायल म्हणजे बॅकवॉटर. तो वंशही तेव्हाच नव्याने मांडला गेला. तुमची तीच निघाली तर कोकणातली नोंद म्हणून लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

नवीच ठरली तर होलोटाइप एकच नग असतो. सगळ्यात मोठा नव्हे, सगळ्यात पूर्ण नग निवडा: दोन्ही झडपा अखंड, शेंडा न झिजलेला, शक्य तर आतला प्राणी शाबूत. वर्णनात वापरलेले बाकीचे नग पॅराटाइप. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीसाठी सोन्याचा मुलामा द्यायचा तो पॅराटाइपवर, होलोटाइपवर कधीही नाही. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या प्रजातीची माहिती आणि नमुने अधिकृत संग्रहालयाकडे देणं बंधनकारक आहे. प्राणी सर्वेक्षण आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोन्ही त्या यादीत आहेत. नोंदणी क्रमांक हातात आल्यावरच हस्तलिखित पाठवा. संग्रहाचं नाव छापलं नाही तर नावच वैध ठरत नाही. आणि जागा राखीव कांदळवनात असेल तर पुन्हा गोळा करण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या.

नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राणिनावांच्या अधिकृत नोंदवहीत आधी नोंद करा आणि तो क्रमांक लेखातच छापला जाईल असं पाहा. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २०१२ च्या दुरुस्तीपासून ही अट आहे. झूबँकच्या नोंदीत नियतकालिकाचा आयएसएसएन आणि लेख कायम जतन होणारं आर्काइव्हही भरलेलं लागतं, हे लोक विसरतात. तोवर ते नाव पोस्टरवर, परिषदेच्या सारांशात, बातमीत कुठेही नको.

खाजणकाठ

धन्यवाद. उजव्या झडपेत दात नाही, साफ करून पाहिलं. ब्लीचने साल काढताना मात्र दोन झडपांतलं लिगामेंट पूर्ण विरघळलं आणि एक झडप वाळताना तडकली. नावासाठी नदीच्या नावाला ‘एन्सिस’ जोडायचा विचार आहे, चालेल ना?

बिजागरी

ब्लीच एकास दहा, दोन-तीन मिनिटं, भिंगाखाली बघत. लिगामेंटचे धागे सुटायला लागले की लगेच ऊर्ध्वपातित पाण्यात. आणि हे फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीला जाणाऱ्या झडपांना करायचं. तडकली ती जाड सालीमुळे. साल वाळताना आकसते आणि पातळ कवचाला ओढते. निदान पाच नग कधीच वाळवू नका, अल्कोहोलमध्येच राहू द्या. वाळलेले लाकडी कपाटात किंवा साध्या पुठ्ठ्याच्या डबीत ठेवू नका, त्यांतल्या आम्ल वाफांनी कवचावर पांढरी बुरशीसारखी स्फटिकं येतात आणि कवच झिजत जातं.

जुनी_नावं

एन्सिस चालेल. वंशाचं नाव पुल्लिंगी असो की स्त्रीलिंगी, रूप तेच राहतं, नपुंसकलिंगी असेल तरच ‘एन्से’ होतं. व्युत्पत्तीच्या परिच्छेदात ते विशेषण आहे असं स्पष्ट लिहा, म्हणजे पुढे कुणी वंश बदलला तर शेवट कसा बदलायचा याचा वाद होणार नाही. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीने किंवा चायना इंकने लिहिली आहे ना? बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि मग कुठल्या महिन्यातले नग कुठले ते सांगता येत नाही.

खाजणकाठ

बॉलपेनने आहे. आजच बदलतो.