शब्दचर्चा : उंदराचा ताण, उंदराचं जागरण

खानापूरची_बाई :
शाळेच्या वार्षिकांकाचा विज्ञान विभाग तपासायचं काम माझ्याकडं आलंय. नववी-दहावीच्या मुलांसाठी एक लेख आहे. ताण आणि झोप न मिळणं यांचा प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या हार्मोन्सवर काय परिणाम होतो, असा विषय. पहिलंच वाक्य असं :

"ताणतणाव व निद्रानाश यांमुळे उंदरांच्या रक्तातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, असे रात्रभर जागवलेल्या उंदरांचा बळी देऊन केलेल्या प्रयोगांत आढळले."

वाचायला गुळगुळीत आहे, खरं 'निद्रानाश' मला अडतोय. उंदराला निद्रानाश झालाय की उंदराची झोप कुणी हिरावून घेतलीय? 'जागरण' घालावं तर वाघ्या-मुरळी आठवतात. काय लिहावं? बाकी शब्दांचंही बघा.

तिसरं_गेट :
बाई, शंका रास्त आहे. निद्रानाश हे दुखणं. अंथरूण आहे, वेळ आहे, दिवा मालवलाय, तरी डोळ्याला डोळा लागत नाही. उंदराचं बरोबर उलट. त्याला झोप अनावर झालेली असते, घेऊ देत नाहीत. काही लेखक 'निद्रावंचन' लिहितात, पण मराठी कानाला 'वंचना' म्हटलं की फसवणूक ऐकू येते. शाळकरी मुलांसाठी 'झोपू न देणे' यासारखा स्वच्छ शब्दप्रयोग नाही.

आणि कसं झोपू देत नाहीत हे लेखात यायलाच हवं. नाहीतर मुलांना वाटेल, कुणीतरी रात्रभर डबा वाजवत बसलंय. मी फार्मसीला असताना अ‍ॅनिमल हाउसमध्ये काम केलंय, त्यामुळं थोडं सांगते. एक जुनी रीत अशी : पाण्याच्या टाकीत फुलाच्या कुंडीएवढा लहानसा ओटा, पाणी ओट्याच्या किंचित खाली, वर उंदीर. तो बसल्या बसल्या पेंगतो, हलकी झोप घेतोसुद्धा. पण स्वप्नांची म्हणतात ती झोप लागली की अंगातले स्नायू पार ढिले पडतात. मान खाली जाते, मिशा पाण्याला लागतात आणि तो दचकून उठतो. म्हणजे सगळी झोप जात नाही, मुख्यतः ती एक जात जाते. तेव्हा 'पूर्ण झोप बंद' असं लिहिलं तर चूक.

दुसरी रीत हलक्या हाताची. उंदीर पेंगायला लागला की पिंजऱ्यावर टकटक करायची, आत नवीन काहीतरी ठेवायचं, मऊ ब्रशनं डिवचायचं. ही काही तासांपुरतीच, कारण जागं ठेवणाऱ्यालाही जागावं लागतं! तिसऱ्या प्रकारात झोप तुकड्यातुकड्यांनी मोडतात. तिथं मात्र आपला घरगुती 'झोपमोड' हा शब्द अगदी फिट बसतो.

बेळगुंदीचा_काजू :
उंदराच्या झोपेचं खोबरं! हेच लिहा की ओ.

निपाणी_नाका :
वार्षिकांकात ते चालणार नाही, तरी वर्गात बाईंनी जरूर म्हणावं.

माझा आक्षेप 'ताणतणाव'वर. हा जोडशब्द सुखी जीवनाच्या व्याख्यानांतून आलाय आणि आता कुठंही चिकटतो. तणाव दोन माणसांत, दोन गावांत, दोन राज्यांत असतो. 'सीमाभागात तणाव, बससेवा बंद' हा मथळा आपण लहानपणापासून वाचत आलोय. पिंजऱ्यातल्या एकट्या उंदराला तणाव कुठला? त्याला ताण.

'स्ट्रेस' या शब्दाचीही गंमत आहे. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं १९३६ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. त्यानं उंदरांना थंडीत ठेवलं, जखम केली, अति पळवलं, निरनिराळी औषधं मारक मात्रेच्या आत राहून टोचली. कारण कुठलंही असो, शरीरात दिसलं तेच : मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठराला व्रण. त्या टिपणाच्या मथळ्यात 'स्ट्रेस' हा शब्दच नाही. तो नंतर रुळला, आणि आलाही पदार्थविज्ञानातून. तिथं बाहेरून पडतो तो स्ट्रेस आणि पदार्थात उमटतो तो स्ट्रेन. सेल्येनं आतल्या अवस्थेलाच स्ट्रेस म्हटलं आणि घोळ कायमचा झाला. मग बाहेरच्या कारणासाठी 'स्ट्रेसर' असा वेगळा शब्द घडवावा लागला. मराठीत तोच घोळ जसाच्या तसा उतरलाय. 'ताण दिला' पण ताण आणि 'ताण आला' पण ताण.

वडगावचा_मागवाला :
आमच्यात ह्यो घोळ न्हाई. मागावरचं उभं सूत त्यो ताणा, आडवं त्यो बाणा. ताण बसतोय सुतावर, खरं ताण देणारं बीम येगळं, त्येचं वजन येगळं. सूत तुटलं तर बीमला तुटलं म्हणत न्हाई कोण. तुमच्या उंदराला पण 'काय केलं' आणि 'काय झालं' ही दोन येगळी येगळी लिवा.

निपाणी_नाका :
मामा, एका दमात सांगितलंत. लेखात 'ताणाचं कारण' आणि 'ताण' असे दोन शब्द धरावेत. नळीत कोंडणं, थंडी, एकटं ठेवणं, झोपू न देणं ही कारणं. ग्रंथींमधून जे स्रवतं ते ताणाचं लक्षण.

तिसरं_गेट :
आता 'कॉर्टिसॉल'. शब्द म्हणून बिनचूक, पण त्या वाक्यात सपशेल चुकीचा. माणूस, कुत्रा, डुक्कर, गिनीपिग यांच्यात मुख्य ताण-हार्मोन कॉर्टिसॉल. उंदरात ते कॉर्टिकोस्टेरॉन. कॉर्टिसॉल बनवायला लागणारं एक विकर (एन्झाइम) उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीत जवळपास नसतंच. म्हणून मराठी लेखात उंदीर आणि कॉर्टिसॉल शेजारी शेजारी दिसले की समजावं, लिहिणाऱ्यानं माणसांवरचा मजकूर उचलून वर उंदीर बसवलाय. कॉर्टिकोस्टेरॉन हे नाव लांबलचक आहे म्हणून कुणी तोडून लिहू नये, अर्थ बदलतो.

साखळी मात्र दोघांत एकच. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक, त्याचा निरोप पीयूषिका ग्रंथीला, तिथून एसीटीएच नावाचं हार्मोन रक्तातून मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीकडं, आणि तिथून कॉर्टिकोस्टेरॉन. ते वाढलं की उलट मेंदूला कळतं आणि वरचा नळ बंद होतो. ताण लांबला की हा बंद होण्याचा भाग बिघडतो. एवढं मुलांना पुरे.

आणि 'वाढते' हे क्रियापद! कशाच्या तुलनेत वाढते? उंदीर हातात धरला, शेपटीतून रक्त घेतलं, एवढ्यानंही हे हार्मोन चढतं. म्हणून पिंजऱ्याला हात लावल्यापासून साधारण तीन मिनिटांत रक्त घेऊन मोकळं व्हावं लागतं. उशीर झाला तर आपण प्रयोगाचा ताण मोजत नाही, आपल्याच हाताचा मोजतो. रक्त घ्यायच्या खोलीत दुसरे उंदीर ठेवत नाहीत, दार आपटत नाहीत, पिंजरे खडखडवत नाहीत. काही जण रक्ताच्या वाटेलाच जात नाहीत. लेंड्या गोळा करून त्यातले अवशेष तपासतात.

खानापूरची_बाई :
हे फारच उपयोगी. 'रात्रभर जागवलेल्या' हे तरी बरोबर ना?

तिसरं_गेट :
तेच तर सगळ्यात मजेशीर आहे. उंदीर निशाचर. त्याची झोप मुख्यतः दिवसा. अ‍ॅनिमल हाउसमध्ये बारा तास उजेड, बारा तास अंधार असं घड्याळ लावलेलं असतं आणि उजेडाची पाळी ही त्याची झोपेची वेळ. त्याला रात्रभर जागवलं तर तो म्हणेल, मी नाहीतरी जागाच होतो. जागवायचा तो दिवसा!

हार्मोनचं घड्याळही उलटं. माणसाचं कॉर्टिसॉल पहाटे चढत जाऊन उठायच्या सुमाराला शिखराला असतं. उंदराचं कॉर्टिकोस्टेरॉन अंधार पडायच्या सुमाराला, म्हणजे त्याच्या 'सकाळी'. सकाळी दहाला घेतलेलं रक्त आणि संध्याकाळी सहाला घेतलेलं रक्त यांची तुलना करून 'झोप मोडल्यानं वाढ' म्हणणं म्हणजे काहीच न मोजणं.

बेळगुंदीचा_काजू :
म्हणजे आमच्या यंत्रमागाच्या रातपाळीवाल्यांची जात.

तिसरं_गेट :
नाही हो. रातपाळीवाल्याचं शरीर दिवसाचंच असतं, त्याला उलटं राबवतात. उंदराचं मुळातच रात्रीचं.

अथणीहून :
मी कन्नड माध्यमात शिकलो, मराठी घरची. एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या बऱ्याच मुलांच्या हातात कन्नड पुस्तकं असतात. तिथं स्ट्रेसला 'ओत्तड' आणि रक्तदाबाला 'रक्तदोत्तड'. ओत्तु म्हणजे दाबणं. त्यामुळं 'ताण' वाचून मुलगा मनात 'दाब' असा अर्थ लावतो आणि उंदराचं ब्लडप्रेशर वाढलं असं उत्तर लिहितो. हे मी शिकवणीत पाहिलंय. पहिल्यांदा शब्द येईल तिथं एक ओळ खर्चून सांगा, की हा रक्तदाब नव्हे.

हार्मोनला कन्नडात 'रसदूत' असाही शब्द आहे. मला तो संप्रेरकापेक्षा गोड वाटतो. रस आहे आणि निरोप घेऊन जातो, दोन्ही आलं.

निपाणी_नाका :
गोड आहे, मान्य. पण संप्रेरक काही वाईट नाही. स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०५ साली 'हार्मोन' हा शब्द वापरात आणला तो चेतवणं, चालना देणं या अर्थाच्या ग्रीक धातूवरून. प्रेरणा त्यात आहेच. शाळेच्या पुस्तकात संप्रेरक, बोलताना हार्मोन, असं आपोआप वाटून घेतलंय लोकांनी. भांडण नको.

आणि कन्नडातल्या इली-हेग्गणचंही सांगा ना. 'उंदीर' म्हटलं की रॅट का माउस?

अथणीहून :
कन्नडात दोन्ही इलीच. हेग्गण म्हणजे आपली घूस.

तिसरं_गेट :
लॅबमध्ये सरळ रॅट आणि माइस म्हणतात. लेखात 'मोठा पांढरा उंदीर' आणि 'छोटा उंदीर' केलं तरी चालेल. घूस अजिबात नको, तो वेगळाच प्राणी.

खानापूरची_बाई :
राहिला 'बळी'. मला तो खटकला नव्हता, आमच्या मिस्टरांना खटकला. म्हणाले, जत्रा आहे का?

तिसरं_गेट :
इंग्रजीत लॅबवाले 'सॅक्रिफाइस' म्हणतात, त्याचं हे शब्दाला शब्द. आम्ही पण वहीत 'सॅक केले' लिहायचो. मराठीत बळी म्हटलं की कुणाला तरी अर्पण आलं. इथं कुणाला? ग्रंथींचं वजन करायला आणि ऊती तपासायला प्राणी मारावा लागतो. तेव्हा 'वेदना न देता मारून' असं उघड लिहावं. त्यासाठीही नियम आहेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ खाली केंद्राची समिती असते, आणि प्रत्येक संस्थेत तिच्या नियमांखालची स्वतःची नैतिकता समिती. किती प्राणी, का, कुठल्या रीतीनं, हे आधी मंजूर करून घ्यावं लागतं.

निपाणी_नाका :
लेख फक्त कॉर्टिकोस्टेरॉनवर थांबवू नका, नाहीतर 'झोप गेली की ताण वाढला' एवढंच हाती लागतं. शिकागोतले झोपेचे संशोधक रेख्टशाफेन यांच्या प्रयोगाचं जरूर घाला. पाण्यावर एक फिरती तबकडी, मध्ये आडोसा, दोन्ही बाजूंना एकेक उंदीर. पहिल्याला डुलकी लागतेय असं मेंदूच्या लहरींवरून कळलं की तबकडी फिरायची, दोघांना चालावं लागायचं. पहिल्याची झोप दर वेळी मोडायची. दुसरा मात्र पहिला जागा असताना झोपून घ्यायचा. पाणी तेच, चालणं तेवढंच, फरक झोपेचा. पहिले उंदीर जास्त खायला लागले तरी वजन घटत गेलं, अंगातली ऊब राखता येईना, थायरॉक्सिन हे हार्मोन उतरलं, नॉरअ‍ॅड्रेनलिन हे दुसरं चढलं, आणि काही आठवड्यांत ते मेले. दुसरे बरेच तग धरून राहिले.

तिसरं_गेट :
हो, आणि त्या कुंडीच्या ओट्यावरची अडचणही इथंच लिहा. तिथं उंदीर भिजतोही, एकटाही पडतो, हलताही येत नाही. हार्मोन चढलं ते झोपेपायी की या बाकीच्यापायी? म्हणून पुढं मोठ्या टाकीत बरेच ओटे ठेवून एकाच पिंजऱ्यातले उंदीर एकत्र ठेवायला लागले, आणि तुलनेला रुंद ओट्यावरचे किंवा जाळीवरचे उंदीर. अशा प्रयोगांत नरांचं टेस्टोस्टेरॉन घटलेलंही दिसलंय. म्हणजे एका बाजूला एक चढतं, दुसरीकडं दुसरं उतरतं. 'संप्रेरके बिघडतात' असं गोळाबेरीज लिहू नका, कुठलं चढलं आणि कुठलं उतरलं ते नावानिशी लिहा.

खानापूरची_बाई :
आता हे असं केलंय, बघा :

"मोठ्या पांढऱ्या उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळी, म्हणजे दिवसा, झोपू दिले नाही, तेव्हा त्यांच्या रक्तातील कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेले आढळले. मात्र ही वाढ झोप न मिळाल्यामुळे किती आणि पाण्यात भिजणे, एकटे राहणे अशा ताणाच्या इतर कारणांमुळे किती, हे वेगळे काढावे लागते."

वडगावचा_मागवाला :
ब्येस. खरं 'वेगळे काढावे लागते' म्हंजे कसं काढतात त्ये पुढच्या ओळीत सांगा, नायतर पोरं इचारतील.

तिसरं_गेट :
तबकडीचा प्रयोग तिथंच जोडा, बाई. आणि 'दिवसा'पुढं 'प्रयोगशाळेतील उजेडाच्या वेळी' घाला. काही ठिकाणी घड्याळ उलटं लावतात, बाहेर रात्र असताना आत उजेड असतो.