रोतास-सातोर चौकोन: ख्रिस्ती खूण की शब्दखेळ?

चौकटवेडा
पॉम्पेईत (ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं रोमन शहर) कोरलेला लॅटिन चौकोन असा (एका घरात एक रोमन अक्षर):

र ओ त आ स
ओ प ए र आ
त ए न ए त
आ र ए प ओ
स आ त ओ र

उभा, आडवा, सुलटा, उलटा, कसाही वाचा. शब्द तेच पाच. माझ्या मते यात गुपित नाही. ‘रोतास’ (चाके) उलटला की ‘सातोर’ (पेरणारा). मधे दोन्हीकडून सारखा ‘तेनेत’ (धरतो). एवढ्यावर दुसऱ्या ओळीची तीन घरं ठरतात: ओ-?-ए-?-आ. तिथे ‘ओपेरा’ घातला की चौथी ओळ ‘आरेपो’च होणार. हा शब्द लॅटिनमध्ये दुसरीकडे मिळत नाही, कारण तो रचनेतून उरलेला आहे. त्याला शेतकऱ्याचं नाव मानून वाक्य जुळवणं ही नंतरची ओढाताण.

प्राचीप्रिय
इतकं सोपं नाही. फेलिक्स ग्रोसर या अभ्यासकाने 1926 मध्ये हीच 25 अक्षरं वेगळी मांडली. ‘पातेर नोस्तेर’ (आमच्या पित्या; ख्रिस्ती प्रार्थनेची सुरुवात) आडवं आणि उभं लिहा, ‘न’ सामाईक ठेवा: 21 अक्षरांचा क्रूस. उरतात दोन आ, दोन ओ. म्हणजे अल्फा आणि ओमेगा, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, ख्रिस्ती लोकांसाठी देवाची खूण. एकही अक्षर वाया नाही! ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात अशी खूण लागणारच.

चौकटवेडा
पण पॉम्पेई इ.स. 79 मध्येच गाडलं गेलं. ‘मी अल्फा आणि ओमेगा’ हे बायबलच्या ज्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात येतं, ते बहुतेक अभ्यासक इ.स. 95 च्या सुमाराचं मानतात. शिवाय त्याच अक्षरांतून ‘ओरो ते पातेर’ (पित्या, तुला विनवतो) दोनदा आणि ‘सानास’ (तू बरं करतोस) निघतं, तेही बरोबर 25 मध्ये. आ, ए, ओ, र, त प्रत्येकी चार असताना अशा जुळण्या निघतातच.

प्राचीप्रिय
काळाचा मुद्दा मान्य. पण इथियोपियात याच पाच शब्दांना क्रूसाच्या खिळ्यांची नावं मानलं गेलं. हा ख्रिस्ती वारसा नाही तर काय?

लिपीमित्र
वारसा आहेच, पण तो उगमाचा पुरावा ठरत नाही. उलट तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं: तिथे सादोर, अलादोर, दानेत, अदेरा, रोदास अशी नावं झाली. अक्षरं बदलली, म्हणजे चौकोनच मोडला. त्यात ‘पातेर नोस्तेर’ लपलंय हे जपणाऱ्यांना माहीत असतं, तर त्यांनी एक अक्षरही हलू दिलं नसतं.