मोठ्या गॅपनंतर क्यूसी केमिस्टची मुलाखत: काम येतं, पण बोलता येत नाही (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये केमिस्ट होते. आईच्या आजारपणात नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं घरीच गेली. आता एका कंपनीने पुढच्या आठवड्यात मुलाखतीला बोलावलंय. पॅनेलवर क्यूसीचे प्रमुख, क्यूएचं (गुणवत्ता हमी विभागाचं) कोणीतरी आणि एचआर असे तिघं असतील.

काम मला येतं. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), टायट्रेशन, डिझोल्यूशन, स्टॅबिलिटी, सगळं हाताखालून गेलंय. अडतं ते बोलताना. मशीनसमोर उभी असताना कोणी "पीक टेलिंग होतंय, काय कराल?" (म्हणजे आलेखातल्या शिखराला मागे शेपूट येतंय) विचारलं, तर सगळेच पीक टेल होताहेत की एकच, हे मी आधी बघेन. सगळेच असतील तर कॉलमचं तोंड आणि जोडण्या तपासेन. एकच असेल तर मोबाइल फेजचा (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणाचा) पीएच बघेन, कारण बेसिक कंपाउंड कॉलममधल्या सिलिकाच्या सिलॅनॉल गटांना धरून बसतात. तोच प्रश्न टेबलापलीकडून आला की एखादं कारण सांगते आणि गप्प होते.

नेटवरची तयार प्रश्नोत्तरं वाचून झाली. ती माझ्या तोंडी बसत नाहीत. पाठ केलेलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळंच जातं.

तर विचारायचंय ते असं. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की सुरुवात कुठून करायची? गॅपबद्दल किती बोलायचं? आईजवळ असणं गरजेचं होतं, वेळ आली तर पुन्हा तेच करेन, पण निम्मी मुलाखत त्यातच जाऊ नये असं वाटतं. आणि उत्तर येत नसेल तेव्हा काय करायचं? पॅनेलवर बसून मुलाखती घेतलेल्यांनी कृपया जरूर लिहावं.

प्रतिसाद

ताई, अशा पॅनेलवर बरीच वर्षं बसतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

टेलिंगबद्दल तुम्ही वर जे लिहिलंय, तेच उत्तर आहे. अगदी तसंच बोला. कारणांची यादी पुस्तकात मिळते. तुम्ही आधी काय बघाल आणि का, तो क्रम आम्हाला ऐकायचा असतो. लॅबमध्ये काम केलेला माणूस त्या क्रमावरून लगेच ओळखू येतो.

उत्तरं पाठ करू नका, प्रसंग तयार ठेवा. स्वतःच्या कामातले पाच-सहा खरे प्रसंग काढा: कॅलिब्रेशन फेल झालेलं, ऑडिटमध्ये तुमच्या नोंदींवर प्रश्न आलेला, बॅच लवकर सोडा म्हणून प्रॉडक्शनने घाई केलेली. काय घडलं, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत, शेवट काय झाला, एवढं प्रत्येकाचं लिहून काढा. सांगताना ‘आम्ही’ कमी आणि ‘मी’ जास्त यायला हवं. बहुतेक उमेदवार इथेच संकोचतात, आणि त्यांनी नेमकं काय केलं ते आम्हाला कळतच नाही.

ओओएसचा (रिझल्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर जाण्याचा) प्रश्न येणारच असं धरून चला. "परत टेस्ट करेन" एवढंच उत्तर आलं तर माझ्या दृष्टीने ते फार गंभीर आहे. आधी सुपरवायझरला कळवायचं. सॅम्पल-स्टँडर्डची सोल्यूशन्स टाकून द्यायची नाहीत. मग वजनं, डायल्यूशन, कॅल्क्युलेशन, क्रोमॅटोग्राम, सिस्टीम सुटेबिलिटी (यंत्रणा चाचणीयोग्य होती का) तपासायची. लॅबमधली चूक ठोसपणे दाखवता आली तरच पहिला रिझल्ट बाद करता येतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेचं यावरचं मार्गदर्शन २००६ चं आहे, २०२२ मध्ये ते सुधारलं. त्यात बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या १९९३ च्या खटल्याचा संदर्भ येतो. पास होईपर्यंत टेस्ट करत राहणं न्यायालयाने तिथे अमान्य केलं. ते मार्गदर्शन वाचूनच जा.

तुमच्या गॅपमध्ये जे बदललं तेही बघा. आयसीएच या औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेची व्हॅलिडेशनवरची (चाचणीची पद्धत विश्वासार्ह आहे हे दाखवण्यावरची) क्यू२ ची नवी आवृत्ती आणि चाचणीची पद्धत विकसित करण्यावरची क्यू१४, दोन्ही नोव्हेंबर २०२३ मध्ये अंतिम झाल्या. सगळं पाठ असायची गरज नाही, पण काय नवीन आलं ते सांगता आलं पाहिजे.

उत्तर येत नसेल तर ते सरळ सांगा आणि कुठे शोधाल तेही सांगा: एसओपी (कामाची लेखी पद्धत), मोनोग्राफ (औषधाचे अधिकृत निकष), सीनियर. क्यूसीत अंदाजाने बोलणाऱ्या माणसाची आम्हाला खरोखर धास्ती वाटते.

प्रतिसाद

मी एचआरमध्ये आहे. गॅपसाठी तीन वाक्यं पुरतात. घरातल्या आजारपणामुळे थांबले, आता पूर्णवेळ काम करू शकते, मधल्या काळातलं नवीन वाचून आले. तिथून थेट कामावर या. आजाराचे तपशील सांगायला तुम्ही बांधील नाही. ‘स्वतःबद्दल’मध्येही घर, छंद नकोत. शेवटची जबाबदारी, हातखंडा असलेली कामं आणि ही जागा का हवी, दीड-दोन मिनिटांत.

आणखी एक. हल्ली बऱ्याच ठिकाणी सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारून गुण देतात, कारण मोकळ्या गप्पांपेक्षा अशा मुलाखतीतून निवड जास्त बरोबर होते, असं संशोधनात वारंवार दिसलंय. त्यामुळे समोरची माणसं मान खाली घालून लिहीत बसतात. ती नाराज नसतात, तुमचंच उत्तर टिपत असतात. बोलत राहा.

प्रतिसाद

मोठ्याने बोलून सराव करा, नुसतं वाचू नका. वाचताना सगळं येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभराने जास्त लक्षात राहतं. एक प्रसंग फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा सांगा. दर वेळी शब्द वेगळे आले तर उत्तमच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रसंग लिहायला घेतले आणि वाटलं होतं त्यापेक्षा बरेच निघाले! एक शंका: जुन्या कंपनीतला ओओएस सांगताना प्रॉडक्टचं नाव, बॅच वगैरे सांगायचं का? आणि शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हणाले तर काय विचारू?

प्रतिसाद

नाव, बॅच, ग्राहक, काहीही सांगू नका. "एका टॅबलेटचा ॲसे (औषधाचं प्रमाण) कमी आला होता" एवढं पुरे. कोणी खोदून विचारलंच तर "ते गोपनीय आहे" असं शांतपणे म्हणा, त्याने तुमचं वजन वाढेल. आणि विचारायचं ते कामाचंच विचारा: लॅबच्या नोंदी कागदावर की लिम्सवर (लॅबच्या संगणक प्रणालीवर), क्रोमॅटोग्राफीचं सॉफ्टवेअर कोणतं, नव्या केमिस्टला स्वतंत्र ॲनालिसिस देण्याआधी क्वालिफिकेशन (पात्रतेची तपासणी) कसं करतात. हा शेवटचा प्रश्न तर नक्की विचारा. गॅपनंतर येताय, त्यामुळे रुजू झाल्यावर पहिल्यांदा त्यालाच सामोरं जायचंय.